जर्मनीचा स्टुडंट व्हिसा: कागद चोख, पैसे कुलूपबंद

पुण्यात जर्मन शिकणाऱ्यांची परंपरा जुनी. पण जर्मनीत शिकायला जायचं तर भाषेइतकाच कागदांचाही अभ्यास लागतो.

पहिला टप्पा एपीएस प्रमाणपत्राचा. पदवी आणि गुणपत्रिका अस्सल आहेत का, याची ही तपासणी नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना सक्तीची झाली. व्हिसाच्या अर्जाआधी ते हातात हवं.

मग ब्लॉक्ड अकाउंट. शिष्यवृत्ती नसेल तर, सप्टेंबर २०२४ पासूनच्या नियमानुसार, वर्षाचे ११,९०४ युरो त्यात आधीच भरावे लागतात. ही फी नव्हे! पैसा विद्यार्थ्याचाच राहतो. तिथे पोचल्यावर दरमहा ९९२ युरो त्याच्या हाती येतात. घरभाडं, किराणा, आरोग्य विमा, सगळं त्यातूनच. कल्पना शहाणपणाची आहे, कारण परक्या गावात पहिल्याच महिन्यात खिसा रिकामा होत नाही. मात्र आईवडिलांना ही रक्कम एकरकमी उभी करावी लागते, आणि तेच सर्वांत जड जातं.

लेकीला भेटायला जाणाऱ्या आईबाबांचं गणित वेगळं. त्यांना शेंगेन व्हिसा: कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस मुक्काम, शिवाय किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. दिवाळीत निघायचं असेल तर उन्हाळ्यातच फाइल तयार ठेवावी.