टोपीखालची साय

मिस्त्रीने ऑईलची टोपी फिरवून काढली आणि उलटी करून माझ्यासमोर धरली. आतून दुधावर साय धरावी तसा पिवळट पांढरा थर.

"भाऊ, सर्व्हिसिंगला पंपाने धुतली का गाडी?"

दिवाळीपासून गाडीला पाणी लागलं नव्हतं. शंभर सीसीचं, वाऱ्यावर थंड होणारं इंजिन. रेडिएटरच नाही, तेव्हा कूलंट आत झिरपायचाही प्रश्न नव्हता. मग पाणी आलं कुठून?

निफाडची थंडी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना पहाटे द्राक्षबागांत पेटणाऱ्या शेकोट्या ठाऊक आहेत. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच अंशांखाली गेल्याची बातमी अधूनमधून येतेच. तशा पहाटे मी चोक ओढून गाडी काढतो, किटली अडकवतो, दीड किलोमीटरवरच्या डेअरीत दूध घालतो आणि परत येतो. संध्याकाळी पुन्हा तेच. महिनाभर गाडी एवढीच चालली होती.

पाणी पेट्रोलनेच आणलं होतं. लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभरच पाणी तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते. थंडीत त्याच्या तोंडाशी थेंब ठिबकतात ते तिचेच. पण थोडे वायू पिस्टन रिंगांच्या फटींतून खाली क्रँककेसमध्ये उतरतात आणि गार धातूला लागताच वाफेचं दव होतं. टोपी सगळ्यात बाहेरच्या बाजूला, वारा खाणारी, म्हणून साय तिथे आधी धरते. ऑईल ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापलं की हे पाणी पुन्हा वाफ होऊन ब्रीदरच्या नळीने एअर फिल्टरच्या डब्याकडे निघून जातं. डेअरीच्या फेरीत माझं ऑईल जेमतेम कोमट होत होतं.

नुसत्या टोपीवरून मिस्त्री निकाल देत नाही. त्याने टोपीची काडी पुसून पुन्हा बुडवली, टोकाचं ऑईल बोटांत चोळलं. मग पत्र्याचा तुकडा स्टोव्हवर तापवून त्यावर एक थेंब टाकला. फोडणीत ओला कढीपत्ता पडावा तसा तडतडला. पाणी खालपर्यंत मुरलं होतं. एअर फिल्टरच्या डब्याखालची बुचाची नळी उघडली, तर तिच्यातूनही ताकासारखं काहीतरी ओघळलं.

असं ऑईल धातूवर नीट थर धरत नाही. त्याचा फटका वर हेडमधल्या कॅम आणि रॉकरला आधी बसतो, कारण गार इंजिनात ऑईल तिथे उशिराच पोहोचतं. शिवाय जळक्या वायूंशी पाणी मिसळलं की सौम्य आम्ल होतं, ते बेअरिंग खातं.

नट खोलला. नऊशे मिलीच्या आसपास ऑईल निघालं, रंग दूध जास्त झालेल्या कॉफीचा.

शेजारच्या काकांची गाडी उभीच असते. ते रोज सकाळी ती पाच मिनिटं जागेवर चालू ठेवतात, "इंजिन मोकळं राहतं" म्हणून. मिस्त्रीला सांगितलं तर तो हसला. जागेवरच्या पाच मिनिटांत पाणी तयार होतं, पण ते उडून जाईल इतकं ऑईल तापत नाही. काकांना हे पटलेलं नाही.

मी मात्र आता दर रविवारी पिंपळगाव बसवंतपर्यंत जाऊन येतो, जाता-येता मिळून तासभर. परवा टोपी काढून पाहिली. कोरडी होती.