आई-वडील साधे, मग पिल्लू वेगळ्या रंगाचं कसं?



परवा मधल्या सुट्टीत चौथीतल्या एका मुलाने विचारलं, "बाई, मोबाईलवर लाल डोळ्यांचा साप बघितला. त्याचे आईबाप साधेच होते. मग तो असा कसा?" प्रश्न छोटा आहे, पण उत्तर आपल्यालाही नीट माहीत हवं.

अमेरिकेच्या आग्नेय भागात कॉर्न स्नेक हा बिनविषारी साप आढळतो. केशरी अंग आणि त्यावर काळ्या कडांचे लाल ठिपके. कधीतरी एखाद्या पिल्लात काळा रंग अजिबात नसतो आणि डोळे लाल असतात. हा गुण कसा उतरतो, ते बेक्टेल दांपत्याने सापांची वीण घेऊन दाखवलं आणि 1962 मध्ये प्रसिद्ध केलं.

प्रत्येक पिल्लाला या गुणाची दोन जनुकं मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. काळा रंग तयार करणारं जनुक प्रभावी, न करणारं अप्रभावी. एक जरी प्रभावी मिळालं तरी साप साधाच दिसतो. पण दुसरं अप्रभावी असेल तर तो त्या गुणाचा 'वाहक' असतो. वरून बघून हे ओळखता येत नाही.

वर्गात करून बघा

दोन नाणी घ्या. एक आई, एक वडील, दोघेही वाहक. छापा म्हणजे प्रभावी, काटा म्हणजे अप्रभावी. दोन्ही नाणी एकदम 40 वेळा उडवा आणि फळ्यावर नोंद करा. दोन्ही काटे साधारण 10 वेळा येतील. तेच लाल डोळ्यांचं पिल्लू!

- दोघेही वाहक : लाल डोळ्यांची शक्यता 4 पैकी 1
- एक लाल डोळ्यांचा, एक वाहक : शक्यता निम्मी
- एक लाल डोळ्यांचा, दुसरा वाहक नसलेला : सगळी पिल्लं साधी, पण सगळी वाहक

इथे मुलं एक चूक हमखास करतात. 4 अंडी म्हणजे 1 पिल्लू नक्की, असं त्यांना वाटतं. तसं नाही. प्रत्येक अंड्याला नाणी नव्याने उडतात.

आता हे सगळं का सांगतेय? एकदा प्रवेशाच्या वेळी एक आई पांढऱ्या केसांच्या, गोऱ्यापान मुलीला घेऊन आली. घरचे तिलाच बोल लावत होते. मी हीच दोन नाणी टेबलावर मांडली. माणसातला अल्बिनिझमही बहुतेक वेळा याच नियमाने उतरतो. म्हणजे जनुक दोघांकडून आलेलं असतं, आणि दोष कुणाचाच नसतो. अशा मुलांना उन्हाचा आणि नजरेचा त्रास असतो. त्यांना पुढच्या बाकावर बसवा, मैदानावर टोपी घालू द्या.

आणि मुलांना एवढं जरूर सांगा : आपल्याकडचे साप पकडणं, पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आपला प्रयोग नाण्यांवरच!