नाकतोड्याच्या अंड्यातली ओळखपरेड

सोयाबीनची पानं कुरतडणारा नाकतोडा परभणीच्या शेतकऱ्याला डोळ्यांपुढे नको असतो. मज्जासंस्थेच्या अभ्यासकांनी मात्र त्याची अंडी जिवापाड जपली. त्यांतल्या गर्भात एकेक मज्जापेशी सूक्ष्मदर्शकाखाली वेगळी ओळखता येते, आणि ती प्रत्येक गर्भात ठरल्या जागीच सापडते.

शेजारी असंख्य, सगळ्यांचे तंतू वाढताहेत. मग एखाद्या पेशीने नेमकं कुणाला जाऊन भिडायचं? 1976 मध्ये मायकेल बेट यांनी दाखवलं, की गर्भ अगदी चिमुकला असतानाच काही पेशी पहिली वाट पाडतात. मागच्यांना ती वाट आयतीच मिळते.

पण वाटा अनेक झाल्यावर काय? 1980च्या दशकात कोरी गुडमन, जोनाथन रेपर आणि मायकेल बास्तियानी यांनी ‘जी’ नावाच्या पेशीवर केलेला प्रयोग इथे सांगायलाच हवा. या पेशीचा तंतू मध्यरेषा ओलांडतो आणि टोकाला फुटलेल्या अतिसूक्ष्म बोटांनी आसपासच्या तंतूंच्या जुड्या चाचपू लागतो. उरुसाच्या गर्दीत चुकलेलं पोर परके सदरे सोडून बापाचाच सदरा धरतं, तसा तो एकच जुडी धरतो. त्या जुडीत ‘ए’ आणि ‘पी’ असे दोन जातींचे तंतू. संशोधकांनी ‘ए’ पेशी मारल्या, तरी ‘जी’ बिनदिक्कत पुढे गेला. ‘पी’ मारल्या, आणि तो अडखळला. बाजूला इतक्या जुड्या होत्या, पण त्याला त्या चालल्या नाहीत!

ही ओळख पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांमुळे पटते. 1987 मध्ये नाकतोड्यातच ‘फॅसिक्लिन’ प्रथिनं हाती आली. म्हणून कोडं सुटलं असं मात्र नाही. फळमाशीत फॅसिक्लिन-2 नाहीसं केलं, तर जुड्या उसवतात. मज्जारज्जूची एकूण घडण बरीचशी शाबूत राहते. एका रेणूला सगळं श्रेय देणाऱ्या बातम्या म्हणूनच जपून वाचाव्यात. फळमाशीच्या ‘डीस्कॅम’ या एकाच जनुकातून 38,016 प्रकारची प्रथिनं बनू शकतात, आणि तंतूला स्वतःचीच शाखा ओळखून तिच्यापासून दूर राहायला ती मदत करतात.

या कथेतलं मुंबईचं पान फारसं कुणी उलगडत नाही. केनियात जन्मलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी यांच्याकडे पीएचडी केली आणि फळमाशीचं घ्राणेंद्रिय हाच आपला विषय केला. वासाचे तंतू मेंदूत कुठे थांबतात, हे ‘रोबो’ नावाची ग्राहक प्रथिनं ठरवतात, असं त्यांच्या गटाने 2004 मध्ये दाखवलं. 2010 मध्ये, साठीही न गाठता, त्या गेल्या. पिकलेल्या केळ्यावर घोंघावणारी फळमाशी परभणीतही घरोघरी सापडते; जीवशास्त्राच्या शिक्षकांनी ती बाटलीत धरून मुलांना दाखवावी आणि रॉड्रिग्ज यांचं नाव आवर्जून सांगावं.