खिशातला अड्डा आणि दुकानाचा गल्ला

उन्हाळ कांद्याचा हंगाम सुरू झाला की देवळ्याचे रूप पालटते. विंचूर-प्रकाशा रस्त्यावर ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. बाजार समितीत लिलाव चालू असतो आणि बाहेर गॅरेजवाले, वेल्डिंगवाले, शिंपी, फळविक्रेते, टायर पंक्चरवाले या सर्वांच्या हातात चार पैसे खेळतात. उमराणे, लोहोणेर, कळवण, सटाणा, मालेगाव अशा साऱ्या कसमादे पट्ट्याचे हेच आहे. कांद्याला भाव तर बाजाराला जीव.

अशाच एका दुपारी आम्ही देवळ्यात चहाला थांबलो होतो. शेजारच्या बाकावर एक तरुण कारागीर मोबाइलवर मान खाली घालून बसला होता. पडद्यावर रंगीत चाक फिरत होते. ते थांबले की तो बोट टेकवायचा आणि चाक पुन्हा फिरायचे. चहा निवला तरी त्याचे लक्ष नव्हते. शेजारचे एक वयस्क मिस्त्री आम्हाला हळूच म्हणाले, "भाई, पूर्वी मटक्याची चिठ्ठी लावायला माणूस गल्लीबोळ शोधायचा, चार लोकांची नजर चुकवायचा. आता अड्डाच खिशात आला."

मिस्त्रींचे हे वाक्य आमच्या मनातून गेले नाही. म्हणून या आठवड्यात या पानावर भाव, माल आणि कर्जयोजना बाजूला ठेवून या खिशातल्या अड्ड्याचा हिशोब मांडत आहोत. हाही व्यापाराचाच विषय आहे, कारण यात जाते ते दुकानाचे भांडवल.

कापसाच्या भावापासून मोबाइलपर्यंत

महाराष्ट्राला आकड्यांचा जुगार नवा नाही. मुंबईचा मटका मुळात कापसाच्या व्यापारातून निघाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे भाव तारेने मुंबईत येत आणि त्या आकड्यांवर लोक पैज लावत. ते भाव येणे बंद झाल्यावर १९६० च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी मडक्यातून आणि पत्त्यांतून आकडे काढण्याची पद्धत आणली. गिरणगावातल्या किती पगारांची पाकिटे त्या मडक्यात गेली, याची मोजदाद नाही.

कॅसिनोची गोष्ट वेगळी. गोव्यात १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना वाट मिळाली. १९९६ च्या दुरुस्तीने पाण्यावरच्या जहाजांनाही ती मिळाली. महाराष्ट्रानेही १९७६ साली कॅसिनोंचा कायदा केला होता, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच करण्यात आला. म्हणजे राज्याने कॅसिनोला दार उघडले नाही. कॅसिनो मात्र मोबाइलच्या खिडकीतून घरात आला.

ही खिडकी म्हणजे मोबाइलमधला ब्राउझर. ज्यावर आपण कांद्याचे भाव पाहतो किंवा जीएसटीचे विवरण भरतो, तोच. यासाठी वेगळे ॲप उतरवावे लागत नाही. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर एक दुवा येतो, त्यावर बोट ठेवले की खेळ सुरू. ॲप असेल तर ते मोबाइलमध्ये दिसते, बाप किंवा बायको विचारू शकते. ब्राउझरमधला खेळ खिडकी मिटली की नाहीसा होतो. सरकारने एक पत्ता बंद केला तर तोच खेळ नावातले एखादे अक्षर बदलून दुसऱ्या पत्त्यावर हजर होतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'महादेव बुक'सह २२ बेकायदा ॲप व संकेतस्थळे बंद केली. तरी अशा दुव्यांचा पूर थांबला नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चाक आपल्या मोबाइलमध्ये फिरत नाही. निकाल दूरच्या संगणकावर आधीच ठरतो आणि आपल्या पडद्यावर त्याचे नुसते चित्र उमटते. तो संगणक कोणत्या देशात आहे, कोणी तपासला आहे, तपासला आहे की नाही, हे खेळणाऱ्याला कळायला मार्ग नाही. दुकानात आपण वजनकाट्यावरचा शिक्का पाहतो. इथे काटाही त्यांचा, वजनेही त्यांची आणि तोलणाराही तोच.

शेकडा पावणेतीनचा हिशोब

आता काटा खरा आहे असे धरून चालू. रोलेटच्या युरोपीय चाकावर ० ते ३६ असे ३७ खाने असतात. प्रत्येक खान्यावर एक रुपया लावला तर ३७ रुपये गेले. जो आकडा लागेल त्यावर ३५ रुपये आणि आपला लावलेला एक, असे ३६ परत मिळतात. दर ३७ रुपयांमागे एक रुपया चालकाचा, म्हणजे शेकडा सुमारे २ रुपये ७० पैसे. अमेरिकन चाकावर एक खाना जास्त असल्याने हाच हिस्सा शेकडा सव्वापाचच्या आसपास जातो.

अडत, हमाली, तोलाई देणाऱ्या माणसाला वाटेल, शेकडा पावणेतीन म्हणजे फार काय? फरक इथेच आहे. अडत एका मालावर एकदा जाते. इथली 'अडत' प्रत्येक फेरीला कापली जाते आणि फेऱ्यांना अंत नाही.

चित्रे जुळवण्याचा यंत्राचा खेळ घ्या. समजा एका फेरीला ५० रुपये, मिनिटाला दहा फेऱ्या आणि चालकाचा हिस्सा शेकडा ५. तासाला ६०० फेऱ्या झाल्या, म्हणजे ३०,००० रुपयांची उलाढाल. त्यावर शेकडा ५ म्हणजे सरासरीने १,५०० रुपये एका तासात गेले. खेळणारा म्हणतो, "मी तर फक्त हजारच टाकले होते." तेच पैसे जिंकत-हरत पुन्हा पुन्हा फिरले आणि प्रत्येक वळणावर त्यातून टोल कापला गेला. एखाद्या दिवशी एखादा जिंकतोही, नाही असे नाही. पण जितका जास्त खेळ, तितका हिशोब चालकाच्या बाजूला सरकत जातो. यात नशीब नाही, निव्वळ अंकगणित आहे.

'बोनस'चेही तसेच. एक हजार रुपये फुकट मिळाल्याचे दाखवतात, पण बारीक अक्षरात अट असते की पैसे काढण्याआधी त्याच्या तीसपट रक्कम खेळून दाखवा. म्हणजे ३०,००० रुपये लावायचे. वरच्याच दराने त्यात सरासरी दीड हजार जाणार. हजाराच्या बक्षिसासाठी दीड हजाराचा खर्च कोणता दुकानदार करील?

नागपूरच्या व्यापाऱ्याचा धडा

कोणाला वाटेल, हे पोरासोरांचे खेळ आहेत, मुरलेला व्यापारी फसत नाही. २०२३ च्या जुलैमध्ये नागपुरात उघडकीला आलेले प्रकरण पाहा. तिथल्या एका व्यापाऱ्याला ओळखीच्या माणसाने ऑनलाइन जुगाराची गोडी लावली आणि व्हॉट्सॲपवर दुवा पाठवला. पोलिसांत दिलेल्या तक्रारीप्रमाणे सुरुवातीला या व्यापाऱ्याने सुमारे ५ कोटी रुपये जिंकले आणि नंतर तब्बल ५८ कोटी गमावले. पोलिसांनी गोंदियात छापा घातला तेव्हा कोट्यवधींची रोकड, सोने आणि चांदी सापडली. आपल्या नाशिक जिल्ह्यातही ऑनलाइन रोलेटच्या नावाने पोलिसांत गुन्हे नोंदले गेले आहेत.

५८ कोटींचा आकडा मोठा आहे, पण पायऱ्या त्याच आहेत. आधी ओळखीचा माणूस, मग थोडी जीत, मग हरलेले भरून काढण्याची घाई. बाजारात तोटा झाला की जाणता व्यापारी हात आखडता घेतो. जुगारात तोटा झालेला माणूस हात सैल सोडतो. ज्या दिवशी 'फक्त गेलेले परत आले की थांबतो' असे तो म्हणतो, त्याच दिवशी त्याचे थांबणे संपलेले असते.

"कांदा हाही जुगारच ना?"

हा प्रश्न आम्हाला अनेक जण विचारतात आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. कांद्याच्या व्यापारात जोखीम आहे, हे कोण नाकारील? ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क आले, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली आणि उरलेले २० टक्के शुल्क १ एप्रिल २०२५ पासून गेले. या उलथापालथीत किती चाळींतला माल सडला आणि किती जणांचे भांडवल अडकले, हे देवळ्या-उमराण्यात सांगायला नको.

पण ही जोखीम व्यापाऱ्याने निर्माण केलेली नाही. कांदा पिकला की तो नासण्याची आणि भाव पडण्याची जोखीम असतेच. व्यापारी ती अंगावर घेतो, माल निवडतो, गोणीत भरतो, चाळीत राखतो, दूरच्या गावी पोचवतो. शेतकऱ्याला रोख मिळते, खाणाऱ्याला कांदा मिळतो, हमालाला मजुरी मिळते आणि मधल्याला नफा. जुगारात कोणाचेच काम होत नाही. नसलेली जोखीम मुद्दाम तयार करायची आणि एकाच्या खिशातले दुसऱ्याच्या खिशात घालायचे, एवढाच उद्योग.

कुरआनात सूरह अल-माइदामध्ये जुगाराचा निषेध दारूबरोबरच आला आहे आणि त्याचे कारणही दिले आहे की यातून माणसामाणसांत वैर पेटते आणि अल्लाहचे स्मरण व नमाज सुटते. तिथे आलेला 'मैसिर' हा शब्द सहज, विनाकष्ट मिळण्याच्या अर्थाशी जोडला जातो. ज्यांची रोजी हाताच्या कसबावर आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा समजावण्याची गरज नाही.

कायदा काय म्हणतो

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ, मग तो नशिबाचा म्हणा की कौशल्याचा, त्यात निषिद्ध ठरवला आहे. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. मात्र दुकानात संगणक मांडून लोकांना रोलेट खेळवले तर १८८७ चा महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा आहेच.

व्यापाऱ्याने आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे पैजेचा करार रद्दबातल आहे. जिंकलेले पैसे चालकाने दिले नाहीत तर कोणत्याही न्यायालयात वसुलीचा दावा चालत नाही. दोन, १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळात निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर लागू झाला. जुगारातला तोटा मात्र दुकानाच्या नफ्यातून वजा करता येत नाही.

सर्वांत मोठा धोका खात्याचा. हल्ली छोट्या दुकानदारांना आणि कारागिरांना सांगितले जाते, "तुमचे बँक खाते, नाहीतर क्यूआर कोड महिनाभर वापरायला द्या, कमिशन देतो." किंवा "आमचे आयडी विका, पॉइंट भरून द्या." अशा खात्यांतून जुगाराचा आणि फसवणुकीचा पैसा फिरवला जातो. देशात कुठेही तक्रार झाली की पोलीस पैशाचा माग काढत त्या खात्यापर्यंत येतात आणि खाते गोठवले जाते. मग मालाचे पैसे, मजुरांचा पगार, मुलांची फी, सारे अडकते. दोन-पाच हजारांच्या कमिशनसाठी वर्षांची पत जाते.

आता काय करावे

पहिले, दुकानाचे खाते आणि खिशाचे खाते वेगळे ठेवा. क्यूआरवर आलेले पैसे दुकानाच्या खात्यातच जाऊ द्या आणि त्या खात्याचे संदेश घरातल्या दुसऱ्या जबाबदार माणसालाही येऊ द्या. दुसरे, रोजकीर्द रोज संध्याकाळी लिहा. जिथे रोजचा मेळ बसतो तिथे गळती लपत नाही. तिसरे, यूपीआयची रोजची मर्यादा बँकेकडून गरजेपुरती करून घ्या. चौथे, कारागिराला उचल देताना ती कशासाठी हे विचारा. वारंवार उचल, रात्रीचे जागरण आणि उधारीची नवी नवी कारणे ही लक्षणे ओळखा.

घरात कोणी अडकला असेल तर दोन चुका टाळाव्यात. गुपचूप कर्ज फेडून त्याच्या हाती पुन्हा पैसे देऊ नयेत आणि चारचौघांत त्याची फजितीही करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने जुगाराच्या या ओढीची आजारांच्या यादीत नोंद केली आहे आणि त्यातला ऑनलाइन प्रकार वेगळा नमूद केला आहे. तेव्हा व्यवहार दुसऱ्याच्या हाती द्या आणि माणसाला आधार द्या. मनाचा तोल सुटत असेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. पैशाची फसवणूक झाली असेल तर १९३० वर ताबडतोब कळवा. जितका उशीर, तितका पैसा दूर जातो.

शेवटी एकच गोष्ट सांगतो. बाजारात आपल्याजवळचा सगळा पैसा आपला नसतो. त्यात शेतकऱ्याच्या कांद्याचे देणे असते, घाऊकवाल्याची उधारी असते, कामगाराची मजुरी असते. ही अमानत आहे. गल्ल्यातल्या एका नोटेवर किती जणांचा हक्क आहे, हे ज्याला रोज संध्याकाळी मोजता येते, त्याचे बोट त्या रंगीत चाकाकडे सहसा वळत नाही. देवळ्यातले ते मिस्त्री चाळीस वर्षे इंजिने दुरुस्त करीत आले आहेत. उठताना ते म्हणाले, "जे यंत्र मला उघडून बघता येत नाही, त्यात मी माझा पैसा घालत नाही." व्यापाराचा याहून सोपा नियम आम्हाला तरी ठाऊक नाही.