०.५ मोठे की ०.३५?

पाचवी-सहावीतली बरीच मुले ०.३५ मोठे म्हणतात, कारण ३५ हे ५ पेक्षा मोठे. पूर्ण संख्यांचा नियम ती दशांश चिन्हापलीकडे नेतात. तिथे अंक किती आहेत याला महत्त्व नाही; पहिले घर दशांशाचे, दुसरे शतांशाचे. ०.५ म्हणजे ५ दशांश, म्हणजेच ५० शतांश. समोर ३५ शतांशच आहेत. शेवटी शून्य लिहून घरे सारखी केली, ०.५० आणि ०.३५, की उत्तर समोर दिसते.

अपूर्णांकांत गोंधळ छेदाचा. अंश सारखा असेल तर मोठ्या छेदाचा अपूर्णांक लहान: १/८ हा १/५ पेक्षा लहान. पण ३/८ आणि २/५ यांत मोठा कोण? दोघांचा छेद ४० करू: १५/४० आणि १६/४०. म्हणजे २/५ मोठा, तोही जेमतेम १/४० ने. तिरकस गुणाकार हाच, फक्त छेद न लिहिता केलेला. कारण न सांगता तो पाठ करून घेणे मला चुकीचे वाटते.

दशांश रूपांचे वर्गीकरणही छेदावरूनच होते, आणि मला ते फार सुंदर वाटते. अतिसंक्षिप्त रूपात छेदाचे मूळ अवयव फक्त २ किंवा ५ असतील, तर दशांश रूप खंडित: ३/८ = ०.३७५. इतर कोणताही मूळ अवयव आला की ते अखंड आवर्ती. १/७ मध्ये १४२८५७ हेच अंक पुन्हा पुन्हा येतात. मात्र आधी संक्षेप हवाच: ६/१५ च्या छेदात ३ आहे, तरी तो २/५, म्हणजे ०.४.