दहा माणसांचं गाव आणि अडीचशे कोटी लिटर समुद्र

जर्मनीत साडेदहा हजारांहून अधिक स्वायत्त गावं-शहरं आहेत. सुमारे ३७ लाख वस्तीचं बर्लिन त्यांतलं एक. उत्तर समुद्रातलं ग्र्योडेही त्यांतलंच, वस्ती दहाच्या आसपास. म्हणजे ग्र्योडेतल्या एका माणसामागे बर्लिनमध्ये पावणेचार लाख माणसं! तरीही ग्र्योडे स्वतःचा कारभार स्वतः पाहतं. श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यात ७० पर्यंत वस्तीच्या गावाला निवडून दिलेली पंचायत नसते, सगळे मतदार मिळून ग्रामसभाच निर्णय घेते. लोकशाही इतकी लहान होऊनही पूर्ण राहू शकते, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण इथले खरे चक्रावून टाकणारे आकडे पाण्याचे आहेत.

ग्र्योडे हे ‘हालिग’, म्हणजे बांध नसलेलं गवताळ बेट. क्षेत्रफळ सुमारे अडीच चौरस किलोमीटर, उंची रोजच्या भरतीच्या पातळीहून जेमतेम मीटरभर. वर्षाला सातशेवर भरत्या येतात. त्यांतल्या वीसेक, कधी त्याहून बऱ्याच जास्त, वादळी वाऱ्याच्या जोरावर कुरणांवर चढतात. मग मातीच्या दोन उंचवट्यांवरची घरं आणि १७७९ सालचं चर्च एवढंच पाण्याबाहेर उरतं. कुरणांवर मीटरभर पाणी चढलं तर बेटावर २५ लाख घनमीटर, म्हणजे अडीचशे कोटी लिटर समुद्र उभा असतो. माणशी पंचवीस कोटी लिटर!

या किनाऱ्यावर उंचवटे रचून राहण्याची रीत फार जुनी. रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकातच अशा वस्त्यांचं वर्णन केलं आहे. १३६२ च्या जानेवारीतल्या महापुरात रुंगहोल्ट ही वसाहत बुडाली. ऑक्टोबर १६३४ मध्ये एका रात्रीत स्ट्रान्ड बेटाचे तुकडे झाले, तिथले सहा हजारांहून अधिक लोक गेले. एकेकाळी हालिग शंभराच्या घरात होते म्हणतात, आज जर्मनीत दहा उरले आहेत. १९६२ च्या पुरानंतर घरांना वरच्या मजल्यावर काँक्रीटच्या खांबांवर पेललेल्या खोल्या बांधल्या गेल्या. भिंती वाहून गेल्या तरी ती खोली टिकावी, एवढाच हिशेब.

मात्र ज्या पाण्यापासून जीव वाचवायचा, त्याच पाण्याने हे बेट घडवलं आहे. पूर ओसरताना बारीक गाळ मागे राहतो आणि गवत तो धरून ठेवतं. सबंध ग्र्योडेवर एक मिलिमीटर थर बसायला अडीच हजार घनमीटर गाळ लागतो, दहा घनमीटरचे अडीचशे डंपर भरून. तो फुकट आणून पसरतो समुद्रच.

किनारा झिजू नये म्हणून हालिगांभोवती दगडी कडा बांधल्या, त्यामुळे ही जमीन वाचली. पण त्याच कडा लहानसहान पूर अडवतात आणि गाळही बाहेर ठेवतात. काही हालिगांवरच्या मोजणीत जमीन वर्षाला सरासरी एक ते तीन मिलिमीटरच चढताना दिसली. भरतीची पातळी त्याहून वेगाने चढते आहे. दोन मिलिमीटरची तूटही शंभर वर्षांत वीस सेंटिमीटर होते, आणि हाताशी आहे फक्त मीटरभर उंची. म्हणून पूर पूर्ण थोपवणं ग्र्योडेला परवडणार नाही.