बर्फाची लादी आणि दुधाचा कॅन

नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, इतिहासात गारव्याची सोय जुनी आहे. बर्फ मात्र उशिरा येतो. निजामशाहीतला फराहबाग महाल भर तलावात बांधलेला. चहूकडचे पाणी आणि जाड भिंती, एवढ्यावरच तिथला उन्हाळा निभत असावा. उत्तरेत अकबराच्या दरबारी सोऱ्याने पाणी थंड करत, आणि १५८६ च्या सुमारास लाहोरला डोंगरांतला बर्फ येऊ लागला, अशी नोंद ‘आईन-ए-अकबरी’त आहे. सह्याद्रीत तशी सोय नव्हती.

मुंबईला बर्फ आला तो समुद्रमार्गे. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ मध्ये गोठलेल्या तळ्यांतला बर्फ जहाजाने कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर १८० टनांपैकी सुमारे १०० टन उरला. पुढे मुंबईतही तो उतरू लागला. जमशेटजी जीजीभॉय यांच्या मेजवानीत आइस्क्रीम वाढले गेले आणि यजमानांसह पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी ‘मुंबई समाचार’ने दिली, असे सांगतात. तळ्यातला बर्फ मोफतच होता. ट्यूडरची कमाई होती ती तो टिकवण्यात. लाकडाच्या भुशात अडकलेली हवा उष्णतेला आत येऊ देत नाही. बर्फवाल्याच्या हातगाडीवरचे भुसा लागलेले गोणपाट याच रीतीचे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्राचा बर्फ आला आणि जहाजांचा धंदा बसला. कारखान्यात मीठपाण्याचा मोठा हौद असतो. अमोनियाच्या यंत्राने त्याचे तापमान शून्याखाली दहा अंशांच्या आसपास नेतात. मिठामुळे ते पाणी गोठत नाही, पण त्यात बुडवलेल्या डब्यांतले गोडे पाणी गोठते. दीडशे किलोंची लादी तयार व्हायला साधारण दोन दिवस लागतात. कडेचे पाणी आधी गोठते, हवा आणि क्षार आत ढकलले जातात. म्हणून लादीचा गाभा पांढरट दिसतो.

शहरात बर्फ म्हणजे गोळा आणि सरबत. मी ज्या मुलखाचा, त्या अकोले-संगमनेर-राहुरीकडे बर्फाचा खरा संबंध दुधाशी. धारेचे दूध कोमट असते आणि त्या उबेत जिवाणू झपाट्याने वाढतात. ते ४ अंशांपर्यंत थंड केले की वाढ मंदावते. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. या हिशेबाने चाळीस लिटरचा कॅन ३५ अंशांवरून ४ अंशांवर आणायला चौदा किलो बर्फ लागेल. तो थेट कॅनमध्ये टाकला, तर दूध वाचेल, पण त्यात चौदा लिटर पाणी पडेल. फॅट आणि एसएनएफ घसरतील. शिवाय ते पाणी पिण्याजोगे असेलच असे नाही. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळण्याचा नियम २०१८ पासून महाराष्ट्रात आहे, तो याच भीतीपोटी.

मोठ्या शीतकरण केंद्रांनी ही अडचण ‘आइस बँक’ने सोडवली. हौदातल्या नळ्यांभोवती तासन्‌तास बर्फाचा थर चढू देतात. दूध आले की त्या बर्फाने गार झालेले पाणी कूलरमधून फिरवतात. पत्र्याच्या एका अंगाने दूध, दुसऱ्या अंगाने पाणी, दोघांची गाठ पडत नाही. गारवा आधी साठवायचा आणि लागेल तेव्हा खर्चायचा, ही बर्फघराचीच युक्ती.

प्रश्न उरतो तो गोठ्यापासून कूलरपर्यंतच्या वेळाचा. दहा लिटर दूध घालणाऱ्या घरी बर्फही नसतो आणि कूलरही. वाडीवरून निघालेली गाडी दहा ठिकाणी थांबते, वीज जाते, ऊन चढते. संकलन केंद्राच्या पावतीवर लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर छापलेले असतात. दूध किती वेळ कोमट राहिले, हे कुठेच लिहिलेले नसते. वैशाखात नासलेले दूध परत येते, तेव्हा त्या वेळाची किंमत एकटा दूधवाला शेतकरी भरतो.